कोलंबिया नदीच्या घळईतून एका दिवसाची मोटारसफर: कुठे थांबावे आणि काय सोडून द्यावे?

उत्तरायण:

नमस्कार. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात माझे आई-वडील भारतातून आमच्याकडे येत आहेत. अमेरिकेच्या ओरेगन राज्यातील पोर्टलंडला मुक्काम करून एक पूर्ण दिवस त्यांना कोलंबिया नदीच्या घळईतून गाडीने फिरवून आणावे, असे आम्ही ठरवले आहे. चार वर्षांपूर्वी आम्ही दोघे या भागातून एकदा गेलो होतो, परंतु तेव्हा पुढे पोहोचण्याची घाई होती. इंटरस्टेट ८४ वरून जाताना खिडकीतून एक-दोन धबधबे मागे पळताना दिसले, एवढीच त्या प्रवासाची आठवण आहे.

वडील पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंता आहेत. धरण, पूल किंवा घाटरस्ता दिसला की ते तिथून लवकर हलत नाहीत. आईला निसर्ग पाहण्याची हौस फार आहे, मात्र तिचे गुडघे दुखतात आणि वळणांच्या रस्त्यावर तिला गाडी लागते. पोर्टलंड ते द डॅल्स हे अंतर नकाशावर जेमतेम ८५ मैल दिसते, म्हणजे सरळ गेल्यास दीड तास. तरीही माहितीपत्रके पाहिली की तीन दिवसही पुरणार नाहीत असे वाटू लागते. जुन्या हमरस्त्याने जावे की इंटरस्टेटने, कोणत्या ठिकाणांना वेळ द्यावा आणि कोणती निःसंकोचपणे वगळावीत, तसेच परतताना नदीपलीकडच्या वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्याचा रस्ता धरावा का, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

घाटवाट:

आपण इंटरस्टेटने गेलात म्हणून घळई दिसली नाही, हे आपले निरीक्षण अगदी बरोबर आहे. तो रस्ता नदीच्या पातळीवरून, पोहोचण्यासाठी बांधलेला आहे, तर त्याच्या वर डोंगराच्या अंगाने जाणारा जुना कोलंबिया नदी हमरस्ता पाहण्यासाठीच बांधला गेला. म्हणून निदान ट्राउटडेल ते एन्सवर्थ हा वीस-बावीस मैलांचा पश्चिमेकडील तुकडा जुन्या रस्त्यानेच करावा.

सकाळी सातच्या आत पोर्टलंड सोडा. ट्राउटडेलहून वर चढल्यावर पहिला थांबा विमेन्स फोरम नावाच्या निरीक्षणस्थळी घ्या. तेथून समोर क्राउन पॉइंटचा कडा, त्यावरील व्हिस्टा हाउसची अष्टकोनी इमारत आणि मागे दूरवर गेलेली नदी एकाच नजरेत येते. ज्या छायाचित्रावरून लोक या घळईला ओळखतात ते बहुधा येथूनच काढलेले असते. क्राउन पॉइंट नदीपासून ७३३ फूट उंचीवर आहे आणि १९१८ मध्ये खुले झालेले व्हिस्टा हाउस त्याच्या टोकावरच उभे आहे. तेथे वारा असा असतो की गाडीचे दार उघडताना ते हाताने घट्ट धरावे लागते. एकदा दार निसटून त्याची बिजागरी वाकल्यामुळे आमचा उरलेला दिवस गॅरेजात गेला होता, म्हणून हे मुद्दाम सांगत आहे.

त्यानंतर धबधब्यांची रांग सुरू होते. लॅटूरेल, शेपर्ड्स डेल, ब्राइडल व्हेल, वाकीना, मल्टनोमा आणि हॉर्सटेल या सर्व ठिकाणी उतरण्याचा हट्ट धरल्यास दुपार तेथेच होईल आणि चौथ्या धबधब्यानंतर आईंना एकही वेगळा आठवणार नाही. आपल्या आईंसाठी मी दोनच सुचवीन. हॉर्सटेल सुमारे १७६ फुटांचा असून तो अक्षरशः रस्त्याच्या कडेला कोसळतो, त्यामुळे तेथे चालावेच लागत नाही. मल्टनोमा टाळून चालणार नाही. दोन टप्प्यांत मिळून ६२० फूट पडणारे ते पाणी खालच्या सपाट अंगणातूनही पूर्ण दिसते. मधल्या टप्प्यावरील बेन्सन पुलापर्यंतची पायवाट फरसबंदीची आणि पाव मैलाच्या आतली असली, तरी ती चढाची आहे. दुखऱ्या गुडघ्यांनी तिच्या वाटेला न गेलेले बरे.

मेरीहिलचे संग्रहालय आणि तेथील स्टोनहेंजची काँक्रीटची प्रतिकृती या वेळी सोडून द्या. त्यासाठी पोर्टलंडपासून शंभर मैलांच्या पलीकडे जावे लागते.

रानवारा:

घाटवाट यांनी सांगितलेली ठिकाणे योग्य आहेत, परंतु क्रमाविषयी माझे मत नेमके उलट आहे. जुलैमध्ये सकाळी नऊनंतर धबधब्यांच्या पट्ट्यात गाडी लावायला जागा मिळणे हा नशिबाचा भाग असतो. मल्टनोमाचे मोठे पार्किंग इंटरस्टेटच्या दोन्ही दिशांच्या मार्गिकांच्या मधोमध आहे आणि तेथे जाणारी एक्झिट ३१ डाव्या बाजूला निघते. ही गोष्ट ठाऊक नसलेले चालक ऐन वेळी उजवीकडून डावीकडे येण्याची धडपड करतात. गेल्या काही उन्हाळ्यांत या पार्किंगसाठी सकाळी ९ ते सायंकाळी ६ या वेळेत आगाऊ परवाना घ्यावा लागत असे. निघण्यापूर्वी यंदाचा नियम वनखात्याच्या संकेतस्थळावर अवश्य पाहावा.

म्हणून माझा सल्ला असा, की सकाळी इंटरस्टेटने न थांबता थेट पूर्वेला मोझियरपर्यंत जावे, तेथून जुन्या रस्त्याने रोविना क्रेस्ट हे निरीक्षणस्थळ गाठावे, आणि परतीच्या वाटेवर दुपारी बॉनव्हिल धरण पाहून सायंकाळी सहानंतर एन्सवर्थपाशी पुन्हा जुन्या रस्त्यावर चढून धबधबे पाहत पश्चिमेकडे यावे. जुलैच्या मध्यावर तेथे सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे सहानंतरही तीन तास हातात असतात आणि गर्दी मात्र ओसरू लागलेली असते. दुसरे कारण प्रकाशाचे आहे. विमेन्स फोरमहून आपण पूर्वेकडे पाहतो. सकाळी ऊन समोरून येत असल्यामुळे क्राउन पॉइंट नुसता काळा दिसतो, संध्याकाळी मात्र ऊन आपल्या पाठीमागून त्या कड्यावर पडते. धबधबे उत्तराभिमुख असल्याने दिवसाचा बराचसा वेळ सावलीतच असतात, तेव्हा त्यांच्यासाठी सकाळची घाई करण्याचे कारण नाही.

या क्रमात एकच उणीव आहे. व्हिस्टा हाउसचे आतले दालन आणि प्रसाधनगृहे संध्याकाळी लवकर बंद होतात, त्यामुळे वडीलधारी माणसे बरोबर असताना त्याची सोय आधी बॉनव्हिलला किंवा मल्टनोमाला करून घ्यावी.

पूर्वेकडचा भाग वगळू नका, एवढे मात्र आग्रहाने सांगते. बहुतेक लोक मल्टनोमाहून माघारी फिरतात आणि घळई पाहिली असे म्हणतात. खरी मौज तर पुढे आहे. कॅस्केड लॉक्सला वर्षाला सुमारे ७५ इंच पाऊस पडतो आणि तेथून पूर्वेला चाळीस-एक मैलांवरच्या द डॅल्सला जेमतेम १४ इंच. हूड रिव्हर ओलांडले की शेवाळलेली देवदारू वने विरळ होत जातात, ओकची झाडे येतात आणि रोविनापाशी तर उघड्या, गवताळ, पिवळ्या टेकड्या उरतात. एका तासात कोकणातून माणदेशात उतरल्यासारखे वाटते, आणि तेही घाट न चढता, कारण कॅस्केड पर्वतरांग भेदून समुद्रसपाटीच्या जवळून आरपार जाणारी ही एकमेव वाट आहे.

दगडधोंडे:

रानवारा यांनी पावसाचा विषय काढलाच आहे, तर खडकांविषयी थोडे लिहितो, कारण उत्तरायण यांच्या वडिलांना त्यात गोडी वाटेल. या घळईचे कडे बेसॉल्टचे आहेत. पूर्वेकडील भेगांतून सुमारे १.७ कोटी वर्षांपूर्वीपासून लाव्ह्याचे थरावर थर बाहेर पडले आणि त्यांतील काही थेट प्रशांत महासागरापर्यंत वाहत गेले. आपला सह्याद्री त्याच जातीच्या खडकाचा, परंतु वयाने बराच वडील, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांचा आहे. त्यामुळे कड्यांतले आडवे पट्टे आणि उभे खांब पाहून घाटमाथ्यावर वाढलेल्या माणसाला आपण ओळखीच्या ठिकाणी आलो आहोत असे वाटते. निदान मला तरी तसे वाटले.

धबधबे ओरेगनच्या, म्हणजे दक्षिणेच्या बाजूलाच इतके दाटीने का, हा प्रश्न मला पहिल्या भेटीत पडला होता. येथील थर किंचित दक्षिणेकडे कललेले आहेत. उत्तर किनाऱ्यावर हा कल नदीच्या दिशेने येतो, त्यामुळे तेथील डोंगर घसरत राहतात आणि उतार सौम्य होतो. दक्षिण किनाऱ्यावर थर नदीपासून दूर कलत असल्यामुळे कडे ताठ उभे राहिले. त्यातच सुमारे १८,००० ते १५,००० वर्षांपूर्वीच्या काळात, आजच्या मोंटाना राज्यातील मिझूला हे हिमयुगीन सरोवर त्याचा बर्फाचा बांध फुटून पुनःपुन्हा रिकामे झाले. ते लोंढे याच वाटेने समुद्राकडे गेले. आज पोर्टलंड वसलेल्या जागेवर त्यांचे पाणी सुमारे ४०० फूट चढले होते. त्या पुरांनी घळईच्या भिंती खरवडून काढल्या आणि बाजूच्या ओढ्यांची मुखे अधांतरी राहिली. तेच हे धबधबे.

जे. हार्लन ब्रेट्झ यांनी १९२३ मध्ये असा महापूर येऊन गेल्याचे प्रथम मांडले, तेव्हा समकालीन भूवैज्ञानिकांनी त्यांना जवळजवळ वेड्यात काढले. १९७९ मध्ये वयाच्या ९६व्या वर्षी त्यांना अमेरिकेतील भूविज्ञानाचे सर्वोच्च समजले जाणारे पेनरोझ पदक मिळाले. विरोधकांपैकी बहुतेक जण तोवर हयात नव्हते, असे त्यांनी स्वतःच म्हटल्याचे सांगतात, ते खरे असो वा नसो.

उत्तर किनाऱ्यावरील सर्वांत मोठी दरड पंधराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास कोसळली. तिने कोलंबियासारखी नदी काही काळ पूर्ण अडवली, आणि माणसांना ती चालत ओलांडता येऊ लागली. स्थानिक जमातींच्या कथांतील ‘देवांचा पूल’ तो हाच असावा, असे मानले जाते. बांध फुटल्यावर मागे जे खळाळ उरले त्यांना कॅस्केड म्हणत आणि त्यांच्यावरूनच साऱ्या पर्वतरांगेला ते नाव पडले. १९२६ मध्ये त्या जागेजवळ बांधलेल्या पोलादी पुलाचे नावही ‘ब्रिज ऑफ द गॉड्स’ असेच आहे.

उत्तरायण:

सर्वांचे मनापासून आभार. रानवारा यांचा क्रम आम्हाला पटला आहे. दोन शंका उरतात. जुन्या रस्त्याच्या वळणांवर आईला त्रास होईल का? आणि बॉनव्हिल धरणावर नेमके काय पाहण्यासारखे आहे? वडिलांना मी हा धागा वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न केला तो रस्त्याच्या चढाचा.

जुना पूल:

आपल्या वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तोच मलाही सर्वांत जवळचा आहे. या रस्त्याचा कमाल चढ ५ टक्के, म्हणजे वीसास एक ठेवलेला आहे आणि वळणाची त्रिज्या १०० फुटांच्या खाली जाऊ दिलेली नाही. १९१३ मध्ये काम सुरू झाले तेव्हा मोटारी अशक्त होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांमागचा विचार कळतो. रस्ता व्हावा म्हणून खटपट करणारे सॅम हिल आणि त्याची आखणी करणारे सॅम्युएल लँकेस्टर हे १९०८ मध्ये पॅरिसच्या रस्तेविषयक परिषदेला गेले होते. त्या दौऱ्यात त्यांनी युरोपातील डोंगरी रस्ते पाहिले. स्वित्झर्लंडमधील ल्यूसर्न सरोवराच्या काठचा आक्सेनस्ट्रासे हा रस्ता, त्याच्या बोगद्याला खोदलेल्या खिडक्यांसकट, त्यांच्या मनात भरला होता. क्राउन पॉइंटवरून खाली उतरताना लँकेस्टर यांनी चढाची मर्यादा मोडण्याऐवजी रस्त्याला इंग्रजी आठच्या आकाराची वेटोळी दिली. जिना नको, उतरण हवी, असा तो विचार आहे. कड्याच्या अंगाने जेथे जागा नव्हती तेथे डोंगर पोखरण्याऐवजी काँक्रीटचे अर्धे पूल लटकवलेले आहेत. चुन्याशिवाय रचलेल्या दगडी भिंतींचे काम इटालियन गवंड्यांचे आहे आणि ते शंभर वर्षांनंतरही उभे आहे. रस्ता १९२२ मध्ये द डॅल्सपर्यंत पूर्ण झाला. पुढे नदीकाठचा वेगवान मार्ग आल्यावर त्याचे मधले तुकडे उद्ध्वस्त झाले. मिचेल पॉइंटचा खिडक्यांचा बोगदा १९६६ मध्ये पाडला गेला, याचे वाईट वाटल्याशिवाय राहत नाही.

यातच आपल्या आईंच्या शंकेचेही उत्तर आहे. वळणे पुष्कळ असली तरी ती एका लयीत येतात, अचानक आवळत नाहीत. ताशी २५-३० मैलांच्या पुढे न जाता, आईंना पुढच्या आसनावर बसवून गेल्यास बहुधा त्रास होणार नाही. जपायचेच असेल तर रोविनाच्या वळणांवर जपा, कारण तेथे झाडे नसल्यामुळे पुढची सगळी वेटोळी आधीच दिसतात आणि नुसत्या दिसण्यानेच काहींच्या पोटात ढवळते.

बॉनव्हिल ही एक्झिट ४० वर आहे. प्रवेशाशी गाडीची तपासणी होते, तिला थोडा वेळ द्यावा. १९३७ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या हस्ते अर्पण केलेल्या या धरणावर वीजगृह आणि जहाजांसाठीचे लॉक आहे, परंतु वडिलांना खिळवून ठेवील ती माशांची शिडी. समुद्रातून परतणाऱ्या साल्मन माशांना धरण ओलांडता यावे म्हणून पाण्याचे टप्पे केलेले आहेत आणि जमिनीखालच्या दालनात काचेतून ते मासे प्रवाहाविरुद्ध चढताना दिसतात. काचेमागून जाणाऱ्या प्रत्येक माशाची जातवार नोंद ठेवण्याचे काम तेथे माणसे करतात. जुलैमध्ये सॉकाय आणि चिनूक या जातींचे साल्मन दिसण्याची चांगली शक्यता असते. शेजारच्या मत्स्यपैदास केंद्रात हर्मन नावाचा दहा फुटी स्टर्जन मासा आहे, त्याला पाहायला आईंनाही आवडेल आणि तेथे चालणे अगदी थोडे आहे.

पाटबंधाऱ्यातल्या माणसाला एक गोष्ट मात्र अवश्य सांगावी. द डॅल्स धरणाच्या वरच्या अंगाला सिलायलो नावाचे धबधबे होते, तेथे मूळ रहिवासी जमाती हजारो वर्षे साल्मन पकडत आणि दूरदूरचे लोक व्यापारासाठी जमत. १० मार्च १९५७ रोजी धरणाचे दरवाजे बंद झाले आणि काही तासांत ते धबधबे जलाशयाखाली गेले. विजेचे आणि नौकानयनाचे लाभ नाकारण्याचा माझा हेतू नाही, परंतु ही घळई केवळ देखणी म्हणून पाहून परतणे मला अपुरे वाटते.

वॉशिंग्टन किनाऱ्याचा राज्यमार्ग १४ या वेळी टाळावा. केप हॉर्नचा देखावा आणि ८४८ फुटांचा बीकन रॉक सुंदर आहेत, पण रस्ता अरुंद आहे आणि आपल्या संध्याकाळच्या धबधब्यांचा वेळ त्यात जाईल. फार तर कॅस्केड लॉक्सला टोल भरून ब्रिज ऑफ द गॉड्सवरून पलीकडे जाऊन लगेच परत यावे. पुलाचा पृष्ठभाग पोलादी जाळीचा असल्यामुळे खाली नदी दिसते. बॉनव्हिलमुळे पाण्याची पातळी चढली म्हणून १९४० मध्ये हा सबंध पूल वर उचलला गेला, एवढे सांगितले की वडील स्वतःच टोल द्यायला तयार होतील.

उत्तरायण:

कालच जाऊन आलो, म्हणून पुढे जाणाऱ्यांसाठी लिहून ठेवते. सकाळी आठला निघून साडेनऊपर्यंत रोविना क्रेस्टवर पोहोचलो. वसंतातली रानफुले केव्हाच संपली होती आणि टेकड्या पूर्ण पिवळ्या पडल्या होत्या, पण खालची वेटोळी पाहून वडिलांनी तेथेच एका पाठकोऱ्या कागदावर त्रिज्या काढायला घेतली. आईने मात्र वळणांकडे पाठ करून नदीच पाहिली आणि उतरताना डोळे मिटून घेतले, त्यामुळे तिला त्रास झाला नाही. कठड्यापलीकडच्या गवतात जाऊ नये, तेथे विषारी ओक आणि खुळखुळ्या साप असल्याची सूचना आहे.

बॉनव्हिलला तासभर ठरवला होता, तेथे अडीच तास गेले. काचेपाशी बसून आई मासे मोजत होती. तिची गणती आणि तेथल्या माणसाची गणती जुळली असती का, हे विचारण्याचे धैर्य आम्हाला झाले नाही. पुलाचा टोल वडिलांनी खरोखरच स्वतः दिला.

एन्सवर्थला पावणेसातला वळलो. हॉर्सटेलपाशी रस्त्याकडेला लगेच जागा मिळाली, मल्टनोमाला लॉजसमोर दहा मिनिटे थांबावे लागले. शेपर्ड्स डेलच्या पुलाखाली डोकावण्यासाठी वडील दोनदा उतरले. विमेन्स फोरमला पोहोचलो तेव्हा साडेआठ झाले होते आणि रानवारा यांनी सांगितल्याप्रमाणे ऊन नेमके त्या कड्यावर होते. लॅटूरेल आणि वाकीना राहून गेले. पुढच्या आठवड्यात फक्त तेवढ्यासाठी पुन्हा जावे, असे आई म्हणत आहे, त्यामुळे वाकीनाला रस्त्यावरून किती चालावे लागते ते कोणी सांगितल्यास बरे होईल.